डॅट रेकॉर्डरचे बिघाड आणि ते शोधणारी विद्या

डॅट, म्हणजे डिजिटल ऑडिओ टेप, ही ध्वनिमुद्रणाची पद्धत १९८७ साली जपानच्या बाजारात आली आणि डिसेंबर २००५ मध्ये सोनीने तिची यंत्रे बनवणे थांबवले. जेमतेम १८ वर्षांचे हे आयुष्य. तेवढ्या काळात सोनीने सुमारे ६,६०,००० डॅट यंत्रे विकली. घरोघरी पोचलेल्या साध्या कॅसेट रेकॉर्डरच्या मानाने हा आकडा किरकोळच आहे. तरीही १९९० च्या दशकात रानात, मैफलीत, लोककलावंतांच्या अंगणात आणि चित्रपटाच्या सेटवर जे काळजीने मुद्रित झाले, त्यातले पुष्कळसे याच टेपवर आहे. या यंत्रांत काय बिघडत असे, ते कसे ओळखले जाई आणि कोण दुरुस्त करीत असे, यावरच त्या आवाजांचे पुढचे भवितव्य ठरत आले आहे. खांद्याला अडकवून नेण्याच्या छोट्या यंत्रांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे, कारण सगळ्यांत नाजूक यंत्रणा सगळ्यांत खडतर जागी त्यांनीच नेली.

या नाजूकपणाचे मूळ टेपवर लिहिण्याच्या रीतीत आहे. डॅटवर ध्वनीचे सेकंदाला ४८,००० नमुने घेतले जातात, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, आणि तेही डाव्या-उजव्या अशा दोन वाहिन्यांचे. म्हणजे सेकंदाला १५ लाखांहून अधिक बिट. साध्या कॅसेटमध्ये टेप एका जागी बसवलेल्या हेडवरून सेकंदाला पावणेपाच सेंटीमीटर सरकते; त्या वेगाने एका सरळ रेषेत एवढी माहिती मावणे शक्य नव्हते. यावरचा उपाय चित्रमुद्रणाने आधीच शोधून ठेवला होता. टेप हळू सरकू द्यायची आणि हेड मात्र वेगाने फिरत्या ड्रमवर बसवून टेपवर तिरप्या रेघा ओढायच्या. जर्मनीतल्या टेलिफुंकेन कंपनीच्या एडुआर्ड शुलर यांनी १९५३ मध्ये या तिरप्या लेखनाच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. ध्वनिमुद्रणाला ज्या कड्याच्या आकाराच्या हेडने नवे आयुष्य दिले, ते हेडही १९३० च्या दशकात शुलर यांनीच घडवलेले होते. एकाच माणसाच्या दोन कल्पना काही दशकांनी एका खिशात मावणाऱ्या यंत्रात एकत्र आल्या, ही या इतिहासातली सुंदर गोष्ट आहे.

डॅटच्या आधीची पुष्कळशी डिजिटल मुद्रणे थेट व्हिडिओ रेकॉर्डरवर होत. जपानच्या डेनॉनने १९७२ मध्ये व्हिडिओ टेपवर चालणारे डिजिटल मुद्रणयंत्र उभे केले आणि सोनीने १९७७ मध्ये पीसीएम-१ हा जोडडबा काढला. त्यात ध्वनीच्या आकड्यांचे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचे चित्र बनवून ते बीटामॅक्स यंत्रावर नोंदले जाई. सीडीचे ४४,१०० नमुने हा वरवर विचित्र दिसणारा आकडाही तिथूनच आला: दूरचित्रवाणीच्या चित्रात सेकंदाला ६० क्षेत्रे, प्रत्येक क्षेत्रात वापरता येणाऱ्या २४५ ओळी आणि प्रत्येक ओळीत ३ नमुने. पुढे बॅटरीवर चालणारा पीसीएम-एफ१ आला, तरी त्याच्यासोबत व्हिडिओ रेकॉर्डर वाहावा लागेच. डोंगर चढून पक्ष्यांचे आवाज टिपणाऱ्याला हे ओझे परवडणारे नव्हते.

जपानी उत्पादकांपुढे दोन मार्ग होते. एक स्थिर हेडचा आणि दुसरा फिरत्या हेडचा. स्थिर हेडची पद्धत डॅट म्हणून बाजारात कधी आलीच नाही. फिरत्या हेडची पद्धत पुढे गेली आणि डॅट म्हणजे तीच असे समीकरण झाले. तिची कॅसेट ७३ मिलिमीटर लांब आणि ५४ मिलिमीटर रुंद, म्हणजे साध्या कॅसेटहून बरीच लहान. टेप ३.८१ मिलिमीटर रुंदीची, धातूच्या कणांचा लेप असलेली, आणि तिची चाल सेकंदाला फक्त ८.१५ मिलिमीटर. उलट ड्रमचा व्यास ३० मिलिमीटर आणि गती मिनिटाला २,००० फेरे, त्यामुळे हेड आणि टेप एकमेकांना सेकंदाला तीन मीटरहून अधिक वेगाने घासतात. ड्रमवरची दोन हेड आळीपाळीने जे ट्रॅक लिहितात, त्यांची रुंदी १३.६ मायक्रॉन आहे. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे एका केसाच्या जाडीत असे पाच ट्रॅक शेजारी शेजारी बसतात. दोन तासांच्या कॅसेटवर याप्रमाणे १.३ गिगाबाइटहून अधिक माहिती मावे. १९८७ च्या सुमारास घरगुती संगणकाच्या हार्ड डिस्कवर २० ते ४० मेगाबाइट मावत.

भारतात १९८२ च्या आशियाई खेळांनंतर पसरलेल्या व्हीसीआरशी तुलना केली की या आकड्यांचा अर्थ कळतो. महाराष्ट्रात तालुक्याच्या गावीही व्हीसीआरची हेड साफ करून देणारा कारागीर असे. त्याच्या हाताखालच्या व्हीएचएस यंत्रात ड्रम ६२ मिलिमीटरचा, फेरे मिनिटाला १,५०० आणि ट्रॅक ४९ मायक्रॉनचा असे. तत्त्व तेच, पण डॅटमध्ये चुकीला जागा चौथाईहून थोडीच अधिक उरली. चित्रात एखादी पांढरी रेघ चमकून गेली तर प्रेक्षक ती विसरतो. आवाजातली एवढीशी फट कानाला लगेच टोचते.

डॅट सामान्य घरात पोचली नाही, आणि त्याला यंत्रापेक्षा कायदा अधिक कारणीभूत होता. सीडीची हुबेहूब प्रत निघेल या भीतीने रेकॉर्ड कंपन्यांनी अमेरिकेत तिला अडवून धरले. त्यांपैकी सीबीएसने सुचवलेल्या उपायात संगीतातून ३,८४० हर्ट्झच्या आसपासची एक बारीक पट्टी कापून टाकायची होती, म्हणजे ती खाच दिसताच रेकॉर्डर बंद पडेल. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने १९८८ मध्ये चाचणी करून हा उपाय निकामी ठरवला. पुढे प्रतीची प्रत निघू न देणारी एससीएमएस ही व्यवस्था आली आणि १९९२ मध्ये अमेरिकेने कायदा करून यंत्रांवर व कोऱ्या टेपवर आकार बसवला. तोवर गिऱ्हाइकाचा उत्साह विरला होता. डॅट राहिली ती स्टुडिओ, आकाशवाणी केंद्रे, संशोधक आणि हौशी जाणकार यांच्याकडे. दुरुस्तीच्या दृष्टीने याचा परिणाम खोल झाला. साधा कॅसेट प्लेअर गल्लीत दुरुस्त होई, कारण तो कोट्यवधींनी विकला गेला होता. डॅटची यंत्रे थोडी, महाग आणि विखुरलेली राहिल्याने तिच्या दुरुस्तीचे ज्ञान मूठभर अधिकृत केंद्रांतच साचले, आणि ती केंद्रे मिटली तेव्हा पुष्कळसे त्यांच्याबरोबर गेले.

बाहेर नेण्याच्या यंत्रांची परंपरा मात्र समृद्ध होती. सोनीची टीसीडी-डी१० ही पहिल्या पिढीतली. १९९० च्या सुमारास आलेली टीसीडी-डी३ ही पहिली डॅट वॉकमन; तिच्यामागून डी७, डी८ आणि शेवटी फक्त दोन पेन्सिल सेलवर चालणारी डी१००. टॅस्कॅमच्या डीए-पी१ मध्ये व्यावसायिक मायक्रोफोन थेट जोडता येत आणि त्यांना लागणारी ४८ व्होल्टची वीजही तीच पुरवी. ब्रिटनच्या एचएचबीची पोर्टाडॅट चित्रपट आणि वार्तांकन करणाऱ्यांनी उचलली. तिच्या ड्रमवर चार हेड असल्याने लिहिलेला आवाज त्याच क्षणी टेपवरून वाचून ऐकता येई. ही सोय चैनीची वाटली तरी तिचे खरे मोल पुढे दिसेल. अमेरिकेत ग्रेटफुल डेड या वाद्यवृंदाच्या मैफलींत १९८४ पासून रसिकांना मुद्रणासाठी वेगळी जागा मिळत असे. त्या मंडळींनीही १९९० च्या दशकात डॅट वॉकमन हाताशी धरले आणि टेपची डिजिटल प्रत काढून देशभर वाटली.

वॉकमनइतक्या आकारात ३० मिलिमीटरचा ड्रम बसवणे अवघड होते. म्हणून छोट्या यंत्रांत लहान ड्रम आला आणि टेप त्याला अधिक गुंडाळावी लागली. मोठ्या यंत्रात टेप ड्रमच्या फक्त चौथ्या भागाला, ९० अंशांत, चिकटते. त्यामुळे तिच्यावर ताण कमी पडतो आणि टेप ड्रमवर असतानाच ती भराभर पुढे-मागे नेता येते. लहान यंत्रात गाइड, दांड्या, गिअर सगळेच बारीक झाले आणि पुष्कळ ठिकाणी धातूची जागा प्लॅस्टिकने घेतली. पिशवीत हादरे खाणारे, उन्हात तापणारे आणि दवात भिजणारे यंत्र असे आतून मात्र घड्याळासारखे नाजूक राहिले.

बिघाडांची सुरुवात बहुधा कॅसेट आत जाण्यापासून होई. कॅसेट खाली दाबली की तिचे झाकण उचलले जाते, तळाची सरकती पट्टी मागे जाते, आतल्या चकत्यांची कुलपे सुटतात आणि दोन गाइड टेपला बाहेर ओढून ड्रमभोवती घालतात. हे सारे एक छोटी मोटर आणि दातेरी चकती करतात, आणि यंत्रणा आत्ता कोणत्या टप्प्यावर आहे हे एका फिरत्या स्विचवरून कंट्रोलरला कळते. त्या स्विचच्या पत्र्यांवर काळपटपणा आला, की यंत्राला स्वतःचाच ठावठिकाणा लागत नाही. ते टेप ओढायला लागते, मध्येच थांबते, परत फिरते आणि कॅसेट बाहेर टाकते. नवख्या माणसाला मोटर जळाल्याची शंका येई. जाणता कारागीर आधी स्विच साफ करी. वंगण घट्ट झाले तरी हीच लक्षणे दिसत, फक्त हालचाल संथ आणि कण्हल्यासारखी होई. दात्यांची चकती तडकली असेल तर ठरावीक जागी टक् असा आवाज येऊन सगळे अडे. ऐकण्याची सवय असलेल्या कानाला हे फरक झाकण उघडण्याआधीच कळत.

दुसरा मोठा गट टेप गुंतण्याचा. पुढे सरकलेली टेप गोळा करणाऱ्या चकतीच्या घर्षणक्लचचा जोर कमी झाला की टेप पोटात साठत जाते आणि कॅसेट काढताना तिचा फास होतो. ब्रेकला चिकटवलेले फेल्टचे तुकडे गळून पडले की गुंडाळी थांबताना टेप सैल पडते आणि पुढच्या वेळी ड्रमवर घडी होऊन बसते. चकत्या फिरतात की नाही हे प्रकाशाच्या सेन्सरने पाहिले जाते. त्याच्यावर धूळ बसली तर यंत्र काही सेकंद चालून आपोआप थांबते, कारण टेप अडकली असा त्याचा समज होतो. टेप संपल्याची खूणही प्रकाशानेच कळते. सुरुवातीला आणि शेवटी पारदर्शक पट्टी असते, तिच्यातून प्रकाश पार जातो. म्हणूनच उघडे यंत्र टेबलावर प्रखर दिव्याखाली तपासू नये, हा नियम दुरुस्ती शिकणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगितला जाई. बाहेरचा प्रकाश सेन्सरवर पडला की धडधाकट यंत्रही बिघडल्यासारखे वागते.

मुद्रण चालू असताना बॅटरी संपणे हा छोट्या यंत्राचा खास प्रसंग. टेप ड्रमभोवती असतानाच वीज गेली, तर यंत्राला ती आत घ्यायला जोर उरत नाही. अशा वेळी कॅसेट ओढून काढणे म्हणजे टेप तोडणे. नवे सेल घालून यंत्राला स्वतःहून टेप गुंडाळू द्यायची, हाच खरा उपाय. तरीही घाईने दार ओढल्यामुळे मोडलेली दारे आणि ताणून पातळ झालेली टेप दुरुस्तीच्या टेबलांवर नेहमी येत.

दमटपणा हा डॅटचा जुना शत्रू. फिरता ड्रम आपल्याबरोबर हवेचा अतिशय पातळ थर ओढतो आणि टेप त्या थरावर तरंगते. ड्रमवर दव धरले की तो थर मोडतो, टेप चिकटते आणि ड्रमलाच गुंडाळली जाते. हे टाळण्यासाठी बहुतेक यंत्रांत दवाचा सेन्सर असतो. ओल जाणवली की पडद्यावर इशारा येतो आणि कोणतेही बटण चालत नाही. वर्षावनात काम करणाऱ्यांना, किंवा थंड गाडीतून दमट हवेत उतरणाऱ्यांना, यामुळे अर्धा-एक तास नुसते बसून राहावे लागे, आणि तेवढ्यात जे टिपायला आलो ते संपून जाई. जाणती मंडळी यंत्र हवाबंद पिशवीत घालून आधी बाहेरच्या तापमानाला येऊ देत, मगच पिशवी उघडत. सेन्सर स्वतः बिघडून कोरड्या हवेतही इशारा देऊ लागला, तर काही जण त्याची तार तोडून टाकत. त्या तोडलेल्या तारेने वाचवलेला अर्धा तास पुढे एखाद्या ड्रमच्या किमतीला पडे.

यांत्रिक बिघाड डोळ्याला दिसत, कानाला कळत. खरी कसोटी वाजवण्याच्या बिघाडांत होती, कारण तिथे कान फसत असे. साध्या टेपवर हेड मळले तर आवाज हळूहळू मंद होतो, खरखर वाढते, ऐकणाऱ्याला वेळेत कळते. डॅटमध्ये आवाजाच्या आकड्यांना रीड-सॉलोमन संकेताचे दुहेरी कुंपण असते. टेपवर काही बिट हरवले तरी बाकीच्यांवरून ते अचूक काढून घेतले जातात. नुकसान त्याहून मोठे असेल तर शेजारच्या नमुन्यांवरून अंदाजे भर घातली जाते. त्यासाठी मांडणीही हुशारीने केलेली आहे. प्रत्येक वाहिनीचे सम नमुने एका हेडच्या ट्रॅकवर आणि विषम नमुने दुसऱ्या हेडच्या ट्रॅकवर जातात. त्यामुळे एक हेड पूर्ण मुके झाले तरी प्रत्येक दुसरा नमुना हाती राहतो आणि आवाज बऱ्यापैकी चालू राहतो. ही योजना अभियांत्रिकीचा उत्तम नमुना आहे यात शंका नाही. पण तिच्यामुळे यंत्राची झीज लपून राहिली. हेड झिजत होते, गाइड ढिले होत होते, रोलर कडक होत होता, आणि आवाज मात्र अखेरच्या दिवसापर्यंत निर्मळ येत होता. एके दिवशी कुंपणाची मर्यादा ओलांडली गेली की टरटर, तुटक ओरखडे आणि मग शांतता, एवढ्या पायऱ्या काही मिनिटांत उतरत.

म्हणून डॅटच्या कारागिराला जुन्या सवयी सोडाव्या लागल्या. कानाऐवजी त्याला चुकांची गणती बघावी लागे. काही यंत्रांत ठरावीक बटणे एकदम दाबली की पडद्यावर चुकांचा दर दिसू लागतो. कंपनीने ही सोय दुरुस्ती करणाऱ्यांसाठी ठेवली होती आणि गिऱ्हाइकाच्या पुस्तिकेत तिचा उल्लेख नसे. त्याहून भरवशाचे साधन ऑसिलोस्कोप. हेडमधून येणारा कच्चा संकेत त्यावर पाहिला की प्रत्येक ट्रॅकचा एक ठोकळा दिसतो. ठोकळे सपाट आणि सारख्या उंचीचे असतील तर टेपचा मार्ग ठीक आहे. एक उंच, एक ठेंगणा असे आळीपाळीने दिसले तर एक हेड मळले किंवा झिजले. ठोकळ्याचे सुरुवातीचे टोक खचलेले असेल तर टेप ड्रमवर येते तिथला गाइड हलला आहे, शेवटचे टोक खचले असेल तर पलीकडचा. गाइडचे डोके स्क्रू ड्रायव्हरने एक बारीकसा अंश फिरवायचे आणि पडद्यावर ठोकळा सपाट होताना बघायचा. प्रमाणित टेप लावल्याशिवाय गाइडला हात लावायचा नाही, हा दंडक होता, आणि तो मोडणाऱ्यांनी कित्येक चांगली यंत्रे कामातून घालवली.

डॅटच्या टेपवर ट्रॅक सापडण्यासाठी वेगळी नियंत्रण रेषा नसते. प्रत्येक तिरप्या ट्रॅकमध्येच आवाजाच्या भागाच्या दोन्ही बाजूंना मार्गदर्शक स्वर लिहिलेले असतात. शेजारच्या ट्रॅकमधले ते स्वर किती जोरात ऐकू येतात यावरून यंत्र टेपची चाल पुढे-मागे सावरते. टेप ओढणारा रबरी पिंच रोलर गुळगुळीत झाला की टेप निसटते आणि हे सावरणे कमी पडू लागते. तेव्हा आवाज ठरावीक लयीत येतो-जातो. अशी लय ऐकू आली की रोलर, आणि कसलाही नेम नसलेली तुटतूट ऐकू आली की मळ किंवा खराब टेप, असा ढोबळ निदानाचा नियम होता. घड्याळाचे आकडे पुढे सरकत आहेत आणि आवाज नाही, अशी तक्रार आली तर आधी टेप दीर्घकाळ पद्धतीत मुद्रित केली आहे का ते पाहिले जाई. त्या पद्धतीत ३२,००० नमुने आणि १२ बिट वापरून टेप अर्ध्या वेगाने चाले, आणि सगळ्या यंत्रांना ती वाजवता येत नसे. यंत्रात दोष नसतानाही ते दुरुस्तीला पाठवले गेल्याची अशी उदाहरणे नेहमीची होती.

हेड साफ करण्याची रीत साधी, पण हात हलका लागतो. धागे न सुटणाऱ्या कापडावर किंवा मऊ चामड्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यायचे, ते ड्रमला आडवे टेकवून स्थिर धरायचे आणि ड्रम हाताने सावकाश फिरवायचा. वर-खाली घासले की हेडचे टोक तुटते, कारण ते ड्रमच्या बाहेर मायक्रॉनमध्ये मोजावे इतकेच डोकावते. कापसाची काडी तर चालतच नाही, तिचा धागा हेडच्या फटीत अडकतो. बाजारात मिळणारी सफाईची कॅसेट ही बारीक पॉलिश कागदासारखी असते. ती सुमारे दहा सेकंद चालवायची असते; मिनिटभर चालवली तर मळाबरोबर हेडही जाते. दर मैफलीआधी ती फिरवणाऱ्या उत्साही मंडळींनी आपल्याच यंत्रांचे आयुष्य कमी केले.

सगळ्यांत घातक बिघाड तो, ज्याची मालकाला वर्षानुवर्षे खबर नसे. यंत्राचे गाइड थोडे हलले, की ते जरा वेगळ्या कोनात ट्रॅक लिहू लागते आणि त्याच कोनात वाचते. स्वतःची टेप ते अगदी स्वच्छ वाजवते. दुसऱ्याची टेप वाजवताना, किंवा त्याची टेप दुसरीकडे वाजवताना मात्र आवाज फुटतो. पोर्टाडॅटची चार हेडही इथे निरुपयोगी ठरत, कारण लिहिणारे आणि वाचणारे हेड एकाच वाकड्या वाटेवर असत. एरवी मळलेले लेखन-हेड मात्र त्या सोयीमुळे जागच्या जागी पकडले जाई, आणि हेच तिचे मोल. अशा यंत्रावर एखाद्या संशोधकाने पाच वर्षे गाणी टिपली, मग यंत्र दुरुस्तीला दिले, कारागिराने ते प्रमाणित टेपवर बरोबर बसवून परत केले, आणि त्या दिवसापासून जुनी एकही टेप वाजेना, असे घडत असे. दुरुस्ती बिनचूक होती, आणि तिनेच दार बंद केले. आज संग्रहालयात अशा टेप वाचताना तज्ज्ञ एखाद्या यंत्राचे गाइड मुद्दाम त्या टेपच्या कोनाला जुळवतात, काम झाले की परत प्रमाणित टेपवर आणतात. हे काम त्या विद्येचे शिखर आहे. त्यासाठी हाताला ठोकळ्यांची भाषा कळावी लागते.

उत्पादन थांबले तेव्हा सुट्या भागांचा झरा आटला. त्याच सुमारास नवे दुखणे पुढे आले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस बनलेल्या यंत्रांतले छोटे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर गळू लागले आणि त्यांतला द्राव सर्किट बोर्डाच्या तांब्याच्या रेषा खाऊ लागला. यंत्र कपाटात स्वच्छ ठेवलेले असले तरी हे होते, उलट वापर नसल्याने लक्षातही येत नाही. ड्रमच्या बाबतीत तर पर्यायच उरला नाही. त्याची घडण इतकी काटेकोर की लहान कारखान्यात ती साधणे परवडत नाही. मग एका यंत्राचा ड्रम, दुसऱ्याचा बोर्ड आणि तिसऱ्याची मोटर घेऊन एक चालते यंत्र उभे करणे, ही दुरुस्तीची नेहमीची रीत बनली. जुन्या बाजारात बंद पडलेल्या डॅटला किंमत येते ती या पोटातल्या भागांसाठी.

मदत अनपेक्षित दिशेनेही आली. १९८९ मध्ये सोनी आणि एचपी यांनी डॅटचीच कॅसेट संगणकाच्या माहितीसाठी वापरणारी डीडीएस पद्धत काढली होती. तिच्या काही ड्राइव्हमध्ये, विशेषतः सिलिकॉन ग्राफिक्सच्या संगणकांसाठी तयार झालेल्या आर्काइव्ह पायथन ड्राइव्हमध्ये, ध्वनीच्या डॅट वाचण्याचा प्रोग्रामही होता. अशा ड्राइव्हमधून आवाज फाइलरूपात थेट उतरतो, ध्वनीच्या नेहमीच्या वेगाहून लवकर, आणि कुठे अंदाजाने भर पडली याची नोंदही मिळू शकते. हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. सामान्य यंत्रातून प्रत काढताना अचूक दुरुस्त झालेले नमुने आणि अंदाजाने भरलेले नमुने यांतला फरक प्रतीत उरत नाही. फुटलेला आवाज एकदा प्रतीत उतरला की तो मूळ ध्वनीचाच भाग होऊन बसतो. मैफलींच्या डॅट प्रती हाताहाती फिरल्या तेव्हा नेमके हे झाले. कोण्या एकाच्या मळलेल्या हेडचे ओरखडे त्याच्या पुढच्या सगळ्या प्रतींत जसेच्या तसे गेले.

म्हणून आता ध्वनिसंग्रहांत डॅट उतरवण्याची शिस्त ठरली आहे. टेप आधी तापमानाला येऊ द्यायची, एकदा पूर्ण पुढे-मागे गुंडाळून ताण समान करायचा, आवाज यंत्राच्या डिजिटल मार्गानेच घ्यायचा आणि मुद्रणाचा मूळ नमुनादर, ४८,०००, ४४,१०० किंवा ३२,०००, आहे तसाच ठेवायचा. चुकांची गणती वेळेसह नोंदवायची. एखाद्या जागी चुका फार दिसल्या तर हेड साफ करून ती टेप पुन्हा वाजवायची, आणि तरीही सुधारणा झाली नाही तर वेगळ्या यंत्रावर लावायची. एका यंत्राला न वाचता आलेला भाग दुसरे यंत्र अनेकदा सहज वाचते. दोन यंत्रांवरून मिळालेल्या चांगल्या तुकड्यांची जुळणी करून एक अखंड प्रत तयार होते, आणि कोणता तुकडा कुठून आला याची नोंद तिच्यासोबत राहते.

ध्वनी आणि दृक्‌श्राव्य संग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने युनेस्कोबरोबर २०१९ मध्ये चुंबकीय टेपविषयी जगभर इशारा दिला: २०२५ च्या सुमारास टेप वाजवणारी यंत्रे सर्रास मिळेनाशी होतील, तेव्हा त्याआधी त्यांवरचे आवाज उतरवून घ्यावेत. सगळ्या टेपांमध्ये डॅटची स्थिती अधिक अडचणीची आहे. पाव इंची स्पूलची टेप वाजवायला स्थिर हेड आणि एकसमान वेग एवढे पुरते, आणि अशी यंत्रणा आजही नव्याने घडवता येते. डॅटला मात्र तिचाच ड्रम लागतो, तिचेच संकेत उलगडणाऱ्या चिप लागतात आणि गाइडला अंशभर वळवणारा हात लागतो. त्यांपैकी ड्रम आणि चिप आता फक्त जुन्या यंत्रांतून काढून मिळतात. गाइड वळवण्याचे काम मात्र अजून शिकवता येते, आणि ज्या संग्रहांत डॅट शिल्लक आहेत तिथे चालत्या यंत्रांइतकीच अशा शिकवणीची गरज आहे.